जुन्या वस्तूंची ओळख

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं असलेलें तेर म्हणजे प्राचीन तगर होय. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचें मोठें नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथील पांढरींत सांपडणारे मणी, मुद्रा व मृण्मूर्ति कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं चिकाटीनें जमविल्या. आज त्यांच्याच नांवाचें शासकीय संग्रहालय तेथें आहे.

परंतु वस्तु जमविणें निराळें आणि ती ओळखणें निराळें. ओळखीची पहिली खूण म्हणजे घडण. केओलिन मातीच्या पोकळ मूर्तीच्या दोन्ही बाजूंस सांधा दिसला कीं ती दोन साच्यांत काढून जोडलेली आहे हें कळतें. रोमन नाण्याच्या धर्तीच्या मातीच्या चकतीला ओंवण्यासाठीं कान असला, तर ती चलन नसून अलंकार ठरते.

दुसरी खूण तुलनेची. संग्रहांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीवर तिचा काळ लिहिलेला नाहीं. परंतु १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें तिच्याशीं साम्य असलेली भारतीय मूर्ति निघाली. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. अर्थात् ती मूर्ति त्याआधींची. आणि तेरची मूर्तिही सुमारें त्याच काळची मानतां येते.

तथापि उपयोगाचा प्रश्न उरतोच. अशी मूर्ति आरशाची मूठ होती, कीं एखाद्या आसनाचा पाय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. वस्तु कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं होती, ही साक्ष अशा वेळीं मोलाची ठरते. म्हणून जुनी वस्तु दिसल्यास ती उचलून घांसण्यापूर्वीं तिची जागा टिपून ठेवावी. एरवीं मातीबरोबर तिची अर्धी साक्षही धुऊन जाते.