पेटीचा स्क्रू नुसताच फिरतोय? लाकडाचं बूच बसवा

मी सणसरहून बोलतेय. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे आमच्याकडे मुक्कामाला येते. दिंडीत वीणा, टाळ, मृदंग. पण रात्रीच्या कीर्तनाला पेटी हवीच. त्यामुळे वारीच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्या बाहेर निघतात आणि एक तक्रार हमखास येते: "भात्याची बिजागरी हलतेय, स्क्रू नुसता गोल फिरतोय."

स्क्रू चांगला असतो, भोक मोठं झालेलं असतं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, वर भाता सतत ओढला जातो. बिजागरी हलली की भाता तिरका चालतो, घडी ताणून फाटते आणि वारा निसटतो. मग लोक म्हणतात, पेटी गेली. गेलेली नसते हो!

घरगुती उपाय काय? काडेपेटीची काडी आणि फेविकॉल. थोडे दिवस चालतं. जाड स्क्रू घातला तर पातळ फळी चिरते. खरा उपाय म्हणजे खराब भाग कोरून काढायचा आणि तिथे लाकडाचं बूच बसवायचं.

आता नीट ऐका, सगळी गंमत लाकडाच्या रेषांत आहे. बाजारातल्या गोल दांडीत रेषा लांबीच्या दिशेने जातात. तिचा तुकडा घातला तर स्क्रू रेषांच्या मधून शिरतो, त्यांना फाकवतो आणि पकड कमी मिळते. म्हणून बूच फळीच्या सपाट अंगातून कापायचं, म्हणजे रेषा स्क्रूला आडव्या येतात. बसवताना त्या पेटीच्या रेषांना समांतर ठेवा. मग बूच आणि फळी एकाच दिशेने आकसतात-फुगतात.

कृती सोपी आहे:

१. आधी टोकदार वस्तूने टोचून बघा. भुसा गळला तर वाळवी असेल. तिथे बूच नाही, फळीच बदलावी लागेल.

२. स्वरांची फळी काढून बाजूला ठेवा. पितळी पट्टीत भुशाचा कण अडकला तरी स्वर बंद पडतो.

३. ड्रिलला खोलीच्या खुणेची चिकटपट्टी लावा, म्हणजे फळी आरपार जाणार नाही.

४. बूच शक्यतो त्याच जातीच्या लाकडाचं घ्या. साग तेलकट असतो, आधी थिनरने पुसा. गोंद लावून हलक्या हाताने ठोका.

५. एक दिवस थांबा. पटाशीने वरचा भाग सपाट करा, मधोमध स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा आणि स्क्रू हातानेच पिळा.

पियानोतही हेच होतं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास खुंट्या तारा ताणून धरतात. खुंटी सैल झाली की सूर उतरतो. कारागीर आधी जरा जाड खुंटी घालून बघतात; भागलं नाही तर भोकात कडक मेपल लाकडाचं बूच बसवून पुन्हा छिद्र पाडतात. खुंट्यांची ती फळीसुद्धा आडव्या-उभ्या रेषांचे थर चिकटवून केलेली असते. कारण तेच: पकड.

तुमच्या मंडळाची पेटी माळ्यावर पडलीये का? भंगारात देण्याआधी एकदा खाली काढा आणि बिजागरीचे स्क्रू तपासा. कदाचित तिला फक्त बोटाच्या पेराएवढं लाकूड हवं असेल. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!