टर्बाइनच्या पात्यांना गंजरोधक धातूच का लागतो?

चंदीगड : चंदीगडची विजेची गरज प्रामुख्याने भाक्रा-बियास व्यवस्थेतील आणि केंद्रीय प्रकल्पांतील वाट्यावर भागते. त्यांपैकी कोळशावर व अणुऊर्जेवर चालणाऱ्या केंद्रांत वीज निर्माण होते ती वाफेने फिरणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांमुळे. ही पाती कोणत्या धातूची आहेत, यावर त्या विजेची खात्री अवलंबून असते.

याच केंद्रीय प्रकल्पांपैकी उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी कमी दाबाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. फिरणाऱ्या यंत्राचा तोल गेला, जनित्रातील हायड्रोजन गळून आग भडकली आणि पहिल्या संचाचा वीजपुरवठा सुमारे १७ तास खंडित झाला. अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. पाती तुटली ती कंपनांनी धातूला आलेल्या थकव्यामुळे. गंज हाच थकवा कित्येक पटींनी लवकर आणू शकतो.

टर्बाइनच्या अखेरच्या टप्प्यांत वाफ थंड होऊन तिच्यात सूक्ष्म थेंब तयार होतात. संघनकाची नळी गळून थंडाव्याचे पाणी आत शिरले, तर त्यातील क्लोराइड या पहिल्या थेंबांत एकवटते आणि पात्यावर बारीक खड्डे पाडते. भारतात टर्बाइन सहसा मिनिटाला ३,००० फेरे घेते. लांब पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ४०० मीटरहून अधिक असू शकतो. एवढ्या ताणाखाली खड्ड्यातूनच तडा सुरू होतो.

म्हणून पात्यांसाठी सुमारे १२ टक्के क्रोमियम असलेले पोलाद वापरतात. क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धातूचे रक्षण करतो. अधिक ताणाच्या जागी सुमारे १७ टक्के क्रोमियम व ४ टक्के निकेल असलेले पोलाद किंवा टायटॅनियमचा मिश्रधातू निवडतात. टायटॅनियम क्लोराइडला उत्तम तोंड देते. त्याची घनता पोलादाच्या सुमारे ५७ टक्केच असल्याने पात्याच्या मुळावरील ओढही घटते. मात्र ते महाग असून घडवण्यास अवघड आहे. थेंबांचा मारा सोसण्यासाठी पात्याच्या पुढील कडेवर कोबाल्टयुक्त कठीण पट्टीही बसवतात.

हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा ठरत आहे. सौर वीज वाढल्याने कोळशावरील संच ४० टक्के भारापर्यंत उतरवता यावेत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांत म्हटले आहे. भाराच्या अशा चढउतारांनी पात्यांवरील ताण वाढतो. संच बंद असताना आत शिरलेली हवा व ओल खड्ड्यांना खतपाणी घालते. त्यामुळे चांगल्या धातूइतकीच पाण्याची शुद्धता, बंद काळातील कोरडेपणा आणि पात्यांची नियमित तपासणी आवश्यक ठरते.