कांदोळीचा फसलेला कट

इंग्लंडच्या इतिहासांतील इ. स. १५६९ च्या बंडाची हकीकत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या वाचनांत आली असेल. प्रॉटेस्टंट राणी एलिझाबेथ हिच्याविरुद्ध उत्तरेकडील नॉर्थंबरलंड व वेस्टमोरलंड येथील कॅथॉलिक सरदार उठले. डरहॅमच्या महामंदिरांत त्यांनीं पुनः लॅटिन मिस्सा चालविली. आणि थोड्याच आठवड्यांत त्यांची दाणादाण उडाली. पुढें सुमारें ६०० लोकांस प्राणदंड झाला. तेथें राणीचा पंथ एक व बंडवाल्यांचा दुसरा, असा उघड भेद होता. परंतु आपल्या इकडून आंबोली घाट उतरून सावंतवाडी व पेडणें ओलांडलें म्हणजे जो बारदेश लागतो, तेथेंहि कॅथॉलिकांचें एक बंड फसलें. आणि तें ज्या राणीच्या सत्तेविरुद्ध होतें, ती पोर्तुगालची पहिली मारिया स्वतः कॅथॉलिकच होती. मग भांडण कशाचें?

भांडण मानाचें होतें. आशियांतील प्रजेपैकीं जे ख्रिस्ती आहेत त्यांस पोर्तुगालांत जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क असावेत, असा कायदा लिस्बनच्या दरबारानें १७६१ सालींच केला होता. गोव्यांत मात्र देशी पाद्री कितीहि विद्वान असला तरी मोठीं धर्मपदें गोऱ्यांकडे जात, व सैन्यांतील देशी अंमलदारांची बढती अडून राही. फादर काएतानो फ्रान्सिस्को कुतो व फादर जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे दोघे थेट लिस्बनपर्यंत गेले, आणि रिकाम्या हातानें परतले. एकाच वेदीपुढें गुडघे टेकणारांनीं तेथून उठतांच एकमेकांस उच्चनीच लेखावें, ह्याहून प्रभूच्या शिकवणीचा मोठा अपमान तो कोणता? (हें केवळ पोर्तुगीजांविषयींच लिहीत आहें असें नव्हे. आपल्याहि मंडळ्यांत सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात आठवते.)

कांदोळी येथील पिंतो घराण्यांतील मंडळी ह्या कामीं पुढें झाली, म्हणून ह्यास पिंतोंचें बंड असेंहि म्हणतात. पोर्तुगीज सत्ता उलथून देशी लोकांचा कारभार स्थापावा, असा बेत होता. कांहीं पाद्री व लष्करी अंमलदारहि सामील झाले. पण १७८७ सालीं, एकहि बार निघण्यापूर्वीं, कटाची बातमी गव्हर्नराच्या कानीं गेली. ४७ जण पकडले गेले.

शिक्षेचे प्रकार दोन झाले. पाद्री नसलेल्यांपैकीं १५ जणांस १७८८ च्या डिसेंबरांत पणजीस अत्यंत क्रूरपणें देहदंड देण्यांत आला. पाद्र्यांस मात्र गळफांस नाहीं. त्यांस जहाजांत घालून लिस्बनला नेलें व रीतसर न्याय न करितां वर्षानुवर्षें बंदींत ठेविलें. कोणती शिक्षा हलकी म्हणावी, हें वाचकांनींच ठरवावें. गोन्साल्विस तेवढे निसटून इंग्रजी मुलखांत गेले.

ह्याच कांदोळीस १७५६ सालीं जन्मलेला एक तरुण पाद्री त्या वेळीं युरोपांत होता. त्याच्या पित्यावर व त्याच्यावरहि कटाचा संशय आला, आणि १७८८ सालीं तो पॅरिसला गेला. तोच आबे फारिया. माणसास येणारी संमोहननिद्रा ही संमोहकाच्या अंगच्या कोणत्याहि गूढ शक्तीनें येत नसून ज्याला ती येते त्याच्याच मनांतून उत्पन्न होते, असें त्यानें तेथें शिकविलें. १८१९ सालीं तो वारला. पणजीस जुन्या सचिवालयाशेजारीं, एका स्त्रीवर हात पसरून उभा असलेला जो पुतळा सहलीस गेलेल्या मुलांनीं पाहिला असेल, तो त्याचाच. तो १९४५ सालीं उभारला गेला, तेव्हां गोव्यावर पोर्तुगीजांचेंच राज्य होतें. तें १९६१ च्या डिसेंबरांत संपलें.