एका वेळी दोन पदव्या

गडमुडशिंगीहून कोल्हापूरला शिकायला जाणाऱ्या मुलांना अजून सांगितलं जातं, ‘पत्रकारिता आणि परकीय भाषा एकदम? दोन पदव्या चालत नाहीत.’ हा नियम जुना झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये समांतर पदवीला (एकाच काळात दोन स्वतंत्र अभ्यासक्रम) मुभा दिली. सक्ती मात्र नाही, ठरवायचं विद्यापीठानं. उसात भुईमूग घेतात तसं हे: रान एक, पिकं दोन. दोन्हींचे तास एकाच वेळी आले, की गणित बिघडतं. मग एक पदवी दूरशिक्षणाने. पत्रकारिता आणि परकीय भाषेची जोड तशी जुनीच. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र मराठी-इंग्रजी अशा दोन स्तंभांत निघालं. प्रवेशाआधी दोन्ही विभागांची वेळापत्रकं शेजारी ठेवून पाहावीत.