संगणकाच्या पहिल्या वर्गांत

माझें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें. संगणकाचा तज्ज्ञ म्हणून मी आपणांपुढें आलेलों नाहीं. परंतु संगणकास आज्ञा देण्याची विद्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग, हल्लीं अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांतील विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षीं शिकावी लागते. आणि तिच्या पहिल्याच पायरीवर पुष्कळ हुशार मुलें ठेंचाळतात. तीं कां ठेंचाळतात आणि शिकविणारानें काय करावें, याचा आज थोडा विचार करूं.

गेल्या दिवाळींत माझी पुतणी महाविद्यालयांतून सुटीला घरीं आली. शाळेंत गणितांत कधीं मागें न पडलेली ही मुलगी म्हणाली, "काका, हा विषय माझ्या डोक्यांत शिरणारच नाहीं. वर्गांत आम्हांला सांगितलें आहे, ज्याला येतें त्याला येतें, बाकीच्यांना येत नाहीं." मीं तिची वही मागितली. पहिल्याच पानावर तीन ओळी होत्या: 'अ = १०', 'ब = २०', 'अ = ब'. आतां अ किती व ब किती, असा प्रश्न होता. खरें सांगतों, मीही अडखळलों. दहा आणि वीस समान कसे होतील?

दोष आम्हां दोघांच्या बुद्धीचा नव्हता, चिन्हाचा होता. शाळेंत बरोबरीचें चिन्ह म्हणजे तराजू. दोन्ही पारडीं समतोल आहेत, असें तें एक विधान असतें. सी, पायथन यांसारख्या संगणकाच्या भाषांत मात्र तें विधान नसून आज्ञा असते. अ आणि ब हे नांव लिहिलेले दोन डबे समजा. 'अ = ब' याचा अर्थ असा कीं, ब च्या डब्यांत जी संख्या आहे तिची नक्कल करून अ च्या डब्यांत ठेव. अ मधील जुने दहा पुसले जातात. ब मधील वीस जसेच्या तसे राहतात. म्हणून उत्तर, दोन्हींत वीस. हें कळलें म्हणजे 'अ = अ + १' ही ओळही वेडगळ वाटत नाहीं. बीजगणितांत ती असत्य ठरेल. येथें 'डब्यांतील संख्येंत एक मिळवून ती पुन्हां तेथेंच ठेव' एवढाच तिचा अर्थ.

ही अडचण जाणत्या शिक्षकांनीं पूर्वींच ओळखली होती. १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनीं, विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरतां यावा म्हणून 'बेसिक' ही भाषा रचली. तींत अशा ओळीच्या आरंभीं 'लेट' हा शब्द लिहीत. ओळ आज्ञेची आहे, हें त्या एका शब्दानें वाचतांक्षणीं ध्यानांत येई. निकलाउस विर्त यांनीं १९७० सालीं पुढें आणलेल्या 'पास्कल' भाषेंत बरोबरीच्या चिन्हाआधीं अपूर्णविराम देऊन आज्ञेचें चिन्ह वेगळेंच ठेवलें आहे.

परंतु अडचण ओळखणें निराळें, आणि मुलांचे दोन कळप करणें निराळें. २००६ सालीं इंग्लंडांतील मिडलसेक्स विद्यापीठाच्या सईद देहनादी व रिचर्ड बोर्नाट यांचा एक निबंध पुष्कळ गाजला. कांहींही शिकविण्यापूर्वीं विद्यार्थ्यांपुढें वरच्यासारख्या ओळी ठेवाव्या. जो सर्व प्रश्नांना एकच नियम लावील, मग तो नियम चुकीचा कां असेना, तो बहुधा तरेल आणि बाकीचे बहुधा बुडतील, असें त्यांचें म्हणणें होतें. शिक्षकाला असें मत फार सोयीचें असतें. त्यांत त्याच्या माथीं कांहीं येत नाहीं. पण पुढच्याच वर्षीं डेन्मार्कमधील आरहूस येथें हीच कसोटी लावून पाहिली, तेव्हां तिचा आणि परीक्षेंतील यशाचा संबंध आढळून आला नाहीं. अखेर २०१४ सालीं बोर्नाट यांनीं स्वतःच आपला दावा जाहीरपणें मागें घेतला.

मग शिकवावें कसें? २००४ सालीं रेमंड लिस्टर व त्यांचे सहकारी यांनीं सात देशांतील नवशिक्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दुसऱ्यानें लिहिलेली लहानशी आज्ञावली ओळीओळीनें वाचून तिचें फळ काय होईल, हेंही पुष्कळांना सांगतां येत नव्हतें. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला निबंध लिहावयास कोण बसवील? येथें मात्र आपण तेंच करतों.

मीं पुतणीला कोरा कागद घ्यावयास सांगितलें. त्यावर अ आणि ब असे दोन रकाने आंखले. एकेक ओळ वाचावयाची, जी संख्या बदलेल ती खोडून नवी लिहावयाची, मनचें कांहीं धरावयाचें नाहीं. मग म्हटलें, "या दोन संख्यांची अदलाबदल कर पाहूं." तिनें झटकन् लिहिलें: 'अ = ब', 'ब = अ'. पण कागदावर चालवून पाहतां दोन्ही रकान्यांत वीसच! "काका, दहा गेले कोठें?" मी उत्तर दिलें नाहीं, एवढेंच विचारलें, "एका पेल्यांत दूध आहे, दुसऱ्यांत ताक. तीं अदलून घ्यावयाचीं तर काय करशील?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनें आपण होऊन तिसरा रकाना आंखला आणि लिहिलें: 'क = अ', 'अ = ब', 'ब = क'.

त्या रात्रीं मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. अपूर्णांकांच्या बेरजेंत तो अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवी. प्रत्येक वेळीं, न चुकतां. चाळीस मुलांच्या देखत मी त्याला म्हणालों होतों, "तुझ्या डोक्यांत गणित शिरणार नाहीं." तो छेद कां मिळवितो, हें मीं कधीं विचारलें नाहीं. वार्षिक परीक्षेनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. बोर्नाट यांना आपले शब्द परत घेतां आले; मला ते घेतां आले नाहींत.

म्हणून आपणांस एवढीच विनंती. घरांत कोणी मुलगा वा मुलगी या विषयापुढें हताश होऊन बसली, तर शाखा बदलण्याची भाषा काढण्यापूर्वीं एक कागद पुढें करा आणि विचारा, "या ओळीनंतर कोणत्या डब्यांत काय आहे?" त्यासाठीं तुम्हांला संगणक यावयास नको. उत्तर जेथें अडेल, तेथूनच शिकविण्यास आरंभ करावयाचा असतो.