कुत्र्याला घेऊन व्हॅनने सहलीला निघताय? चावा, ओरखडा आणि रेबीजची लस

डिसेंबरची सुट्टी लागली की पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाड्यांमध्ये हल्ली कॅम्पर व्हॅनही दिसतात. आत गाद्या, शेगडी, मुले आणि घरातला कुत्रा. कुत्र्याला आठ दिवस परक्या जागी ठेवण्यापेक्षा हे बरेच. पण अशा सहलीनंतर एक प्रश्न आम्हा डॉक्टरांना हमखास ऐकू येतो: "डॉक्टर, आमच्याच कुत्र्याचा दात लागलाय. त्याला सगळ्या लशी दिल्यात. तरी इंजेक्शन घ्यायचे का?"

बहुतेक वेळा उत्तर हो असेच असते. आणि ते घरी परतल्यावर नव्हे, त्याच दिवशी, जिथे असाल तिथे.

हे घडते कसे?

ढाब्यावर व्हॅन थांबते, दार उघडते, तुमचा कुत्रा खाली उतरतो. ती जागा तिथल्या भटक्या कुत्र्यांची असते. ते धावून येतात, भांडण जुंपते, आणि आपल्या कुत्र्याला ओढायला कोणीतरी मध्ये हात घालते. त्या गडबडीत घाबरलेला आपलाच कुत्रा चावतो, किंवा भटका. नक्की कोण चावले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हात घालू नका. पट्टा ओढा, कुत्र्यांवर पाणी फेका.

भांडणानंतर तुमच्या कुत्र्याच्या केसांवर दुसऱ्याची लाळ असू शकते. हातमोजे घालून त्याला साबणाने धुवा, तोपर्यंत मुलांना त्याला कुरवाळू देऊ नका. त्याला जखम झाली असेल तर त्याची लस वेळेवर झालेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.

मुलांना वेगळे विचारा. रागावतील किंवा सहल मोडेल या भीतीने मुले ओरखडा लपवतात.

आधी पाणी आणि साबण

वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे जखम धुवा. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांतच पुष्कळ वेळ झाल्यासारखे वाटते. व्हॅनच्या टाकीतले पाणी यासाठी संपले तरी चालेल. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तेल यातले काही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. टाके घालायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

लस कोणाला?

अखंड त्वचेला कुत्र्याने नुसते चाटले तर लशीची गरज नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या त्वचेवर दात घासले तर लस हवी. रक्त आले, फुटलेल्या त्वचेला चाटले, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली तर लशीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते. ते तयार प्रतिपिंड असतात. लशीमुळे शरीराचे स्वतःचे प्रतिपिंड तयार व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर हे विषाणूला जखमेतच अडवतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याला पर्याय म्हणून मोनोक्लोनल अँटिबॉडीही बनवली आहे.

कुत्र्याच्या लशीमुळे धोका खूप कमी होतो, पण ती कधी दिली, बूस्टर चुकला का, शरीरात किती उतरली, हे त्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून उपचार सुरू करायचे आणि कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचे. तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतील. कुत्रा आपलाच, व्हॅनमध्येच असेल तर हे सोपे. ढाब्यावरचा कुत्रा दहा दिवसांनी कोण बघणार? तिथे पूर्ण कोर्स घ्यायचा.

लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो. वेळेत आणि पूर्ण घेतलेली लस मात्र तो टाळते. म्हणून इथे "बघू नंतर" नको.

प्रवासात वेळापत्रक कसे सांभाळायचे?

सरकारी रुग्णालयांत लस सहसा त्वचेत देतात: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर 14 वा दिवसही असतो. 0 म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. 24 डिसेंबरला माणगावात पहिला डोस घेतला, तर पुढचे 27 आणि 31 डिसेंबरला आणि शेवटचा 21 जानेवारीला.

यासाठी सहल सोडून पुण्याला धावण्याची गरज नाही. पुढचा डोस वाटेतल्या दुसऱ्या सरकारी केंद्रातही घेता येतो. त्यासाठी लशीचे कार्ड जपा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. एखादा डोस चुकला तर कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, लगेच पुढचा घ्यावा. मात्र इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेलच असे नाही. रक्त आलेली जखम असेल तर माणगावचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अलिबागचे जिल्हा रुग्णालय यांसारखे मोठे रुग्णालय गाठा, निघण्यापूर्वी फोन करून विचारा. पहिल्या डोसबरोबर ते मिळाले नाही, तरी त्या डोसपासून सात दिवसांच्या आत देता येते. त्याची वाट पाहत लस मात्र लांबवू नका.

निघण्यापूर्वी

कुत्र्याच्या बूस्टरची तारीख सहलीच्या मध्ये येत असेल तर तो आधीच द्या. लशीचा दाखला गाडीत ठेवा. महापालिकेच्या परवान्यासाठी तो लागतोच, त्यामुळे घरात असेल.

वर्षातून अनेकदा कुत्र्यासह बाहेर पडणाऱ्या कुटुंबांनी, विशेषतः लहान मुले असतील तर, चावण्याआधीच घ्यायच्या लशीबद्दल डॉक्टरांशी बोलावे, असे माझे मत आहे. तिचे डोस 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी असतात. हे पूर्ण झाले असतील तर पुढे चावा झाल्यास जखम धुऊन फक्त दोन डोस, 0 आणि 3 व्या दिवशी, पुरतात. इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. छोट्या गावाजवळ मुक्काम असेल तर हा फार मोठा दिलासा आहे.

आणि सहलीहून येऊन तीन आठवडे झाले, मुलाने आज सांगितले, तर? आजच या. रेबीजची लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी किंवा जास्त. लक्षणे नसतील तोवर लस उशिरा घेण्यातही अर्थ आहे.