कुलाब्याच्या नोंदी आणि हिमाद्रीचा हिवाळा

नवीन पनवेलला, कळंबोली हायवेजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. भारताच्या १९८१च्या पहिल्या मोहिमेपासून तिचा अंटार्क्टिकाशी संबंध आहे. पण तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथे १८४१पासून चुंबकीय नोंदी होत असत. मुंबईची ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर या नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला नेलं. पण १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जुने आकडे नव्यांशी जुळावेत, एवढ्यासाठी! आर्क्टिकमधल्या आपल्या कामाकडे मागे वळून पाहताना मला ही दोन वर्षं सारखी आठवतात.

भारताची पहिली आर्क्टिक तुकडी ऑगस्ट २००७मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंदला पोचली. १ जुलै २००८ रोजी तिथे ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र सुरू झालं. ध्रुव तिथून सुमारे १२०० किलोमीटर. गाव मुळात कोळशाच्या खाणीचं. १९६२च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण बंद पडली. आता तिथे वायफायलाही मनाई आहे, कारण आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत टिपणाऱ्या अँटेना जवळच आहेत. कुलाब्याला विजेच्या ट्रामची धास्ती होती, तशीच ही.

गोव्यात वास्कोला असलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या पुढाकाराने न्यू-ओलेसुंदजवळच्या कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ला ‘इंडआर्क’ हे उपकरण पाण्याखाली बसवलं गेलं. २०१६ला न्यू-ओलेसुंदच्याच ग्रुवेबादेत वातावरणाची प्रयोगशाळा आली. ढग, हवेतले सूक्ष्म कण, पडणारं हिम यांची मोजणी तिथे होते. हिमावर काजळी बसली की ते ऊन कमी परतवतं आणि लवकर वितळतं, म्हणून हे कण महत्त्वाचे.

उणीव एकच होती, पण मोठी. उपकरणं मागे राहत आणि माणसं मात्र मुख्यतः उन्हाळ्यात जात. हिम साठतं ते थंडीत. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. दसऱ्याला जमिनीतली ओल पाहून अख्ख्या पावसाळ्याचा हिशोब मांडावा, तसं ते होत होतं. अखेर डिसेंबर २०२३मध्ये पहिली हिवाळी तुकडी निघाली. तिच्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संशोधकही होते.

हे काम आपल्यापासून दूरचं नाही. वास्कोच्या संशोधकांनी २०२१मध्ये आर्क्टिकमधल्या कारा समुद्रातलं उन्हाळी बर्फ आणि मध्य भारतातली सप्टेंबरची अतिवृष्टी यांच्यातला संभाव्य संबंध मांडला. तो पक्का ठरायला किंवा खोडून निघायला वर्षानुवर्षांची सलग मोजणी हवी. हिमाद्रीतला एकही हिवाळा आता रिकामा जाऊ देऊ नये.